पुढे उभे असलेले पाच जण

आमच्या बडोद्याच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट. विजय हजारे यांचं नाव निघालं की बाबा अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसतात आणि मोतीबागेवर पाहिलेल्या सामन्यांच्या गोष्टी सुरू होतात. त्या घरातला मी एक दिवस अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहीन, तोही आपल्या मंडळाच्या अंकात, असं कोणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. पण गेल्या काही वर्षांत माझ्याच घरात काय चाललं होतं, ते मला या खेळामुळे कळलं. म्हणून आधी थोडा खेळ सांगतो, मग घर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी गेलो. कॅन्सस सिटी तिथून गाडीने तासाभराच्या आत. तिथला संघ कॅन्सस सिटी चीफ्स, आणि त्या वर्षी सगळ्या परिसरात एकच नाव होतं, पॅट्रिक माहोम्स. दुकानात, बसमध्ये, लॅबमध्ये, सगळीकडे माहोम्स. तो चीफ्सचा क्वार्टरबॅक. संघाचा चेंडू फेकणारा, प्रत्येक चाल हातात घेणारा माणूस.

मी पहिला सामना पाहिला तेव्हा काहीच कळलं नाही. हेल्मेट घातलेली माणसं रांगेत उभी राहतात, एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, पुन्हा रांग. लॅबमधला एक मित्र शाळेच्या संघात खेळलेला होता. धिप्पाड, पण बोलायला अगदी मवाळ. तो म्हणाला, "तू चेंडूकडे बघतोयस ना? आता पाच मिनिटं चेंडूकडे बघू नकोस. पुढच्या पाच जणांकडे बघ."

ते पाच जण कोण, ते सांगतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तेवढं गेलं की पुन्हा चार संधी. चेंडू पळवत नेता येतो किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकता येतो. फेकायचा असेल तर क्वार्टरबॅक दोन-चार पावलं मागे सरकतो आणि कोण मोकळा झालाय ते बघतो. समोरचे तेवढ्यात त्याच्यावर धावून येतात. त्यांना अडवायला पाच जण असतात. मधला सेंटर, तोच पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, आणि कडेला दोन टॅकल. एकेकाचं वजन १३५ किलोच्या पुढे. त्यांनी मिळून क्वार्टरबॅकभोवती कोंडाळं करायचं. त्या मोकळ्या जागेला 'पॉकेट' म्हणतात, म्हणजे खिसा. या सगळ्या राखणीला नाव आहे 'पास प्रोटेक्शन'.

कबड्डीत आपण पकड करतो. इथे पकड करायची नाही! समोरच्याला धरलं तर पिवळा रुमाल पडतो आणि संघ दहा यार्ड मागे जातो. फक्त हातांनी छातीवर रेटा द्यायचा, पाय बारीक बारीक सरकवत आडवं राहायचं आणि मागे मागे जात त्याला थोपवायचं. या पाच जणांना नेहमीच्या चालीत पास झेलता येत नाही. चेंडू त्यांच्या हाती येतच नाही म्हटलं तरी चालेल. दूरदर्शनवर त्यांचं नाव येतं ते बहुतेक वेळा चूक झाली की. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान या पाचांच्या जागी खेळणाऱ्याला गेल्या कित्येक दशकांत मिळालेला नाही.

मी विचारलं, "मग एवढं करून मिळतं काय?"

मित्र म्हणाला, "वेळ."

म्हणजे किती? साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद. एवढ्यात क्वार्टरबॅकने मैदान वाचायचं आणि चेंडू सोडायचा. अर्धा सेकंद जास्त मिळाला तर दूर धावणारा साथीदार मोकळा होतो. अर्धा सेकंद कमी पडला तर चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक जमिनीवर. त्याला 'सॅक' म्हणतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळलेली असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टॅकलवर मोठी भिस्त. ज्याला मागचं दिसत नाही त्याचे डोळे म्हणजे हा माणूस.

२ फेब्रुवारी २०२०. मायामीत अंतिम सामना, ज्याला सुपर बोल म्हणतात. आम्ही आठ-दहा जण एका छोट्या घरात कोंबून बसलो होतो. चीफ्स २०-१० ने मागे, सात-आठ मिनिटं उरलेली, तिसरी संधी आणि पंधरा यार्ड हवेत. त्या क्षणी माहोम्सने प्रशिक्षकांना एका विशिष्ट चालीबद्दल विचारलं होतं. ती चाल मोठी होती, साथीदाराला खूप लांब धावायचं होतं. तिच्यासाठी पुरेसा वेळ मिळेल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. हे नंतर चित्रफितीत सगळ्यांनी ऐकलं. माहोम्स खूप मागे सरकला, पुढच्या पाचांनी थोपवून धरलं, शेवटच्या क्षणी एक जण त्याच्या अंगावर आलाच, पण तोवर चेंडू सुटला होता. ४४ यार्डांचा फायदा झाला. चीफ्स ३१-२० ने जिंकले. माहोम्स सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मी ताईला फोन केला. माझी ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, बडोद्यातच शाळेत शिकवते, आणि सासर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी उत्साहाने चाल समजावली. ती म्हणाली, "त्याने प्रश्न बरोबर विचारला. वेळ आहे का, हे विचारणारी माणसं कमी असतात." आणि मग म्हणाली, "चल, बाबांना गोळ्या द्यायच्यात." तेव्हा मला त्या वाक्यात काही दिसलं नाही.

पुढचं वर्ष करोनाचं. ७ फेब्रुवारी २०२१ ला चीफ्स पुन्हा अंतिम सामन्यात, टँपाच्या संघाविरुद्ध, टँपातच. यावेळी खोलीत मी आणि तो मित्र, दोघंच, मास्क लावून, दोन टोकांना. तोच माहोम्स, तोच हात, वय अवघं पंचवीस. पण आदल्या वर्षीच्या पुढच्या पाचांपैकी तिघं नव्हते. डावा टॅकल एरिक फिशर, २०१३ च्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, त्याचा टाचेमागचा स्नायुबंध दोनच आठवड्यांपूर्वी तुटला होता. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. हा तोच, जो आपल्या कारकिर्दीत एकही न चुकवता सलग ७,८९४ चालींना मैदानात उभा राहिला होता. आणि उजवा गार्ड लॉरां डुव्हर्ने-टार्डिफ. तो शिकलेला डॉक्टर! त्या वर्षीचा हंगाम सोडून तो कॅनडात वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करायला गेला होता.

उरलेल्यांना इकडचं तिकडे करून पाच जण उभे केले होते. टँपाने फारशी जादा माणसं अंगावर सोडलीसुद्धा नाहीत. बहुतेक वेळा चौघंच धावून यायचे, बाकीचे मागे राहून झेलणाऱ्यांवर लक्ष ठेवायचे. त्या चौघांना हे पाच आवरेनात. माहोम्सने ५६ वेळा पास करायचा पवित्रा घेतला, त्यातल्या २९ वेळा त्याच्यावर कोणीतरी चालून आलं. सुपर बोलच्या इतिहासातला तो विक्रम. चेंडू सोडण्याआधी जीव वाचवत तो मागे आणि आडवा मिळून साडेचारशे मीटर पळाला, असं मोजणाऱ्यांनी नंतर मोजलं. एकदा तर तो पडता पडता, जमिनीला समांतर असताना त्याने चेंडू फेकला. तो इतका अचूक गेला की साथीदाराच्या तोंडासमोरच्या जाळीवर आपटला, आणि हातात न येता खाली पडला. चीफ्स ३१-९ ने हरले. माहोम्सच्या नावावर एकही टचडाउन नाही, दोन पास शत्रूच्या हाती. समोर ४३ वर्षांचा टॉम ब्रेडी होता. त्याच्या पुढचे पाच थोपवून धरत होते, त्याला वेळ मिळत होता, सामनाभर तो एकदाच पाडला गेला.

मी म्हटलं, "माहोम्स आज खेळलाच नाही."

मित्र जरा चिडला. पहिल्यांदाच. "तो आयुष्यातला सगळ्यात कठीण सामना खेळला," तो म्हणाला. "तू पुन्हा चेंडूकडेच बघतोयस."

त्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. मी शेवटच्या सत्रात, प्रबंध द्यायचा होता, आणि एका कंपनीच्या मुलाखतीच्या फेऱ्या सुरू होत्या. घरी रोज फोन व्हायचा. आई म्हणायची, बाबा झोपलेत. दुसऱ्या दिवशी, बाबा अंघोळीला गेलेत. तिसऱ्या दिवशी, बाबांचा घसा बसलाय, बोलवत नाही. ताई फोनवर हसून बोलायची. मला शंका आली नाही. खरं सांगायचं तर शंका यायला मी फोनवर फार वेळ थांबतच नव्हतो.

मुलाखत झाली, नोकरी मिळाली. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. एका काकांनी लिहिलं, पठ्ठ्याने एकट्याच्या हिमतीवर नाव काढलं. मी ते वाक्य दोन-तीनदा वाचलं, आवडलं म्हणून. त्याच रात्री ताईचा फोन आला. बाबा नऊ दिवसांपासून इस्पितळात होते. ऑक्सिजनवर. आता धोका टळला होता, म्हणून सांगत होती.

मी खूप चिडलो. मला का नाही सांगितलं? ती एवढंच म्हणाली, "सांगून तू काय करणार होतास? विमानं तरी कुठे होती नीट?" आणि मग आमच्या बडोद्याच्या सवयीने, "जाऊ दे आता, चालशे."

डिसेंबरमध्ये मी घरी आलो. बाबा बारीक झाले होते, पण खुर्चीत बसून क्रिकेट बघत होते. एका दुपारी विजेचं बिल शोधताना कपाटात एक शाळेची शंभर पानी वही सापडली. ताईचं अक्षर. एप्रिलची पानं. दर दोन तासांनी बाबांचा ऑक्सिजन, ताप, साखर. कोणत्या औषधाच्या दुकानात काय मिळालं, काय नाही. कोणाकडून किती पैसे उसने घेतले. सिलिंडरसाठी कोणाला किती वाजता फोन केला, पुढे 'नाही', 'नाही', 'उद्या या', 'नाही', आणि मग 'मिळाला, रात्री १.४०'. एका पानाच्या कडेला लहान अक्षरात लिहिलं होतं: 'छोटूला सांगायचं नाही. मुलाखत मंगळवारी.'

छोटू म्हणजे मी. तीस वर्षांचा व्हायला आलो होतो तरी.

मी ती वही घेऊन जिन्यात बसलो. माझी मुलाखत त्या मंगळवारी चांगली झाली होती. प्रश्न कठीण होते, पण माझं डोकं शांत होतं. मला वाटलं होतं ते माझं कौशल्य. त्याच वेळी इकडे माझ्या पाठीमागून काय येत होतं ते मला दिसलंच नव्हतं, कारण ते माझ्यापर्यंत पोहोचू न देणारं कोणीतरी तिथे उभं होतं.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर सोपं होतं. ताई थोर, मी कृतघ्न, डोळे पुसले, लेख संपला. पण क्वार्टरबॅकचं जसं सगळं श्रेय त्याचं नसतं, तसा सगळा दोष पुढच्या पाचांचाही नसतो. हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि त्यात आईचं मनगट मोडलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरत होतं. ताईने डॉक्टर बघितले, तारीख घेतली. मी म्हटलं, थांब, इकडे ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारतो, कोणती लेन्स घ्यायची ते बघू. रिपोर्ट माझ्याकडे आले. मी कामात होतो. ताईने विचारलं, मी म्हटलं, "बघू, सांगतो." आठवड्याने पुन्हा विचारलं. "बघतोय." ऑपरेशनची तारीख गेली. तीन आठवडे झाले. संध्याकाळी उजेड कमी असताना आईला शेवटची पायरी दिसली नाही. ती पडली.

ताईने त्या दिवशी आवाज चढवला नाही. "तुझ्या 'बघू'मध्ये आम्ही सगळे उभे असतो," ती म्हणाली. "तू हो म्हण किंवा नाही म्हण. पण लवकर म्हण."

या खेळातही अगदी हेच आहे. सॅक झाला की प्रेक्षक पुढच्या पाचांना शिव्या घालतात. पण चेंडू चार-चार सेकंद हातात धरून ठेवला तर जगातली कुठलीही राखण पुरी पडत नाही. मायामीचा डॅन मारिनो चेंडू विजेसारखा सोडायचा. १९८८ च्या सबंध हंगामात तो फक्त ६ वेळा पाडला गेला. त्याचे राखणदार चांगले होतेच, पण तो त्यांना फार वेळ ताटकळतही ठेवत नव्हता. उलट टोक म्हणजे डेव्हिड कार. २००२ च्या निवडीत पहिला आलेला, नव्या कोऱ्या ह्यूस्टन संघाचा आधारस्तंभ म्हणून घेतलेला. पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा पाडला गेला. हा आजही विक्रम आहे. राखण कच्ची होतीच. पण अशा मारात वाढलेल्या माणसाला समोर कोणी नसतानाही कोणीतरी येतंय असं वाटू लागतं, आणि मग निर्णय आणखी बिघडतात, असं जाणकार सांगतात. कोणाचं किती चुकलं, हे वेगळं काढता येत नाही. राखण आणि निर्णय एकमेकांत विणलेले असतात.

आणि कधी कधी सगळं मोडूनही माणूस निभावून नेतो. २०२२ च्या जानेवारीत सिनसिनाटीचा जो बरो एकाच सामन्यात ९ वेळा पाडला गेला आणि तरीही त्याचा संघ १९-१६ ने जिंकला. लोकांनी त्याच्या धैर्याचं कौतुक केलं. तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात तो ७ वेळा पाडला गेला, संघ २३-२० ने हरला. धैर्यावर एखादा सामना निघतो. रोजचा संसार निघत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ताईची पाठ गेली. मणक्याची चकती सरकली, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. श्वार्ट्झही पाठीमुळेच बसला होता, हे मला उगाचच आठवलं. भावोजी तिचं आणि मुलांचं बघत होते. आमच्या घराचं बघायला आता मीच, साडेदहा तास मागे असलेल्या देशातून. रात्री दोन वाजता फोन: गॅस संपलाय. तीन वाजता: बँकेत आधार कार्ड घेऊन बाबांनी स्वतःच यायला हवं म्हणतात. पहाटे पाच वाजता: साखर ३१०, इन्सुलिन वाढवायचं का? आईच्या हाताचा व्यायाम घ्यायला येणारी मुलगी आली नाही. पाण्याची मोटर जळली. ही कामं एकेकटी फार मोठी नव्हती. पण ती सगळीकडून यायची, आणि मी दुसरीकडे बघत असताना यायची.

ऑफिसात माझ्या कामात चुका व्हायला लागल्या. आधी लहान, मग मोठ्या. एकदा मी एक फाइल न तपासताच पुढे ढकलली आणि दोन दिवस सगळ्यांना निस्तरत बसावं लागलं. साहेबांनी एका दुपारी बसवून विचारलं, तुला झालंय काय? तू असा नव्हतास. मी काय सांगणार होतो? मी तसाच होतो. तोच मी, तेच डोकं, तीच पदवी. फक्त पुढचं माणूस नव्हतं.

तेव्हा मला कॅन्सस सिटीने हरल्यावर काय केलं होतं ते आठवलं. २०२१ च्या त्या पराभवानंतर त्यांनी माहोम्सला 'जास्त मेहनत कर' असं सांगून सोडलं नाही. तीन महिन्यांत पुढची फळी नव्याने उभी केली. ऑर्लँडो ब्राउन दुसऱ्या संघाकडून घेतला, जो थूनीला मोठ्या रकमेचा करार दिला, क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ ही नवी मुलं निवडीतून आणली. म्हणजे पैसा, डोकं आणि लक्ष, तिन्ही तिथे लावलं जिथे कॅमेरा जात नाही.

आमच्या घरात आम्ही याच्या बरोबर उलटं करत आलो होतो. माझ्या शिक्षणावर खर्च झाला, माझ्या विमानावर झाला. ताईच्या वाट्याला येणाऱ्या कामावर कोणी रुपयाही लावला नव्हता. ती होती ना. चालायचं.

त्या दिवाळीनंतर मी तीन गोष्टी केल्या. फार मोठ्या नाहीत. आईबाबांसाठी दिवसभराची एक मदतनीस बाई लावली, पगार माझ्याकडून. औषधं, बिलं, बँक, विमा, जे जे फोनवरून होतं ते माझ्याकडे घेतलं, ताईची त्यातून सुटका. आणि तिसरी गोष्ट ताईने घातलेली अट: कुठलाही प्रश्न विचारला की चोवीस तासांत हो किंवा नाही. 'बघू' हा शब्द बंद. पहिल्या दोन मला पैशाने जमल्या. तिसरी अजून शिकतोय.

१२ फेब्रुवारी २०२३. चीफ्स पुन्हा अंतिम सामन्यात, अ‍ॅरिझोनात, फिलाडेल्फियाविरुद्ध. फिलाडेल्फियाने त्या हंगामात समोरच्या क्वार्टरबॅकना ७० वेळा पाडलं होतं. वर माहोम्सचा घोटा दुखावलेला. आमच्याकडे संध्याकाळ, बडोद्यात सोमवारची पहाट. ताई आता हिंडूफिरू लागली होती, शाळेला जायच्या आधी चहा करत होती. मी फोन टीव्हीकडे वळवून ठेवला. ती म्हणाली, "मला काही कळत नाही, पण सांग कोणाकडे बघायचं."

मी म्हटलं, "पांढऱ्या कपड्यांतल्या त्या पाच जाड्या माणसांकडे बघ."

ती बघत राहिली. मध्येच म्हणाली, "हे तर नुसते मागे मागे सरकतायत." मी म्हटलं, तेच काम आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मधल्याने शेजारच्याच्या माणसालाही खांदा लावला, बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. मी सवयीने पुन्हा चेंडूकडे बघत होतो.

माहोम्स लंगडत खेळला. चीफ्स ३८-३५ ने जिंकले. मैदान निसरडं होतं, धावून येणाऱ्यांचे पाय घसरत होते, हेही खरं. पण सबंध सामन्यात त्याला एकदाही कोणी पाडू शकलं नाही. शून्य. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत अर्थातच माहोम्स आणि त्याचा घोटा.

याचा अर्थ एकदा फळी उभी केली की काम झालं, असा नाही. दोनच वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याच दोन संघांत पुन्हा अंतिम सामना झाला. तोवर ब्राउन संघ सोडून गेला होता, आणि थूनीला त्याच्या गार्डच्या जागेवरून उचलून कडेला टॅकल म्हणून उभं करावं लागलं होतं. माहोम्स ६ वेळा पाडला गेला, चीफ्स ४०-२२ ने हरले. राखण ही दर वर्षी नव्याने बघायची गोष्ट आहे. आमच्याकडेही ती मदतनीस बाई मध्येच गावी गेली, तेव्हा ताईला दोन आठवडे पुन्हा सगळं अंगावर घ्यावं लागलं. पण या वेळी तिने पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं, आणि मी त्याच दिवशी दुसरी शोधली.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे आहेत, हे मला माहीत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोकणातून किंवा देशावरून बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला येऊन घरं वसवली, आणि आपण त्या घरांतून टोरंटोला, डॅलसला, पुण्याला निघालो. प्रत्येक घरात कोणीतरी मागे राहिलं. बहीण, भाऊ, वहिनी, एखादा न शिकलेला चुलतभाऊ. आपल्या बातम्या अंकात छापून येतात, त्यांच्या येत नाहीत. त्यांचे आभार मानून लेख संपवणं सोपं आहे, पण आभाराने ताईची पाठ बरी झाली नसती. त्यांना विचारा, तुमच्याकडचं कोणतं काम मी आजपासून घेऊ? आणि त्यांनी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या.

त्या पहाटे सामना संपला तेव्हा मैदानात रंगीत कागदांचा पाऊस पडत होता. कॅमेरा माहोम्सभोवती फिरत होता, त्याची बायको, मुलं, चषक. ताईने चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्याजवळ डोळे आणून विचारलं, "अरे, पण ते पाच जण गेले कुठे?"

मी शोधलं. खूप शोधलं. एकदा कडेला दोघं-तिघं दिसले, एकमेकांच्या गळ्यात पडलेले. पण लगेच दुसरं दृश्य आलं. ताई म्हणाली, शाळेला उशीर होतोय, आणि फोन ठेवला.